सिमल्याच्या बर्फावर माझं घोंगडं

सिमल्याहून परत येऊन मला दीड महिना झाला. या दीड महिन्यात गिरणीच्या फाटकापाशी, चहाच्या दुकानात, न्हाव्यापुढे, जिथे म्हणून मी टेकलो तिथे लोकांनी एकच विचारलं, "बिराप्पा, बर्फावर हॉकी खेळतात म्हणे, खरं का?" मी खरं आहे म्हणालो. बर्फाची जाडी हाताने दाखवली, थंडी सांगितली, बुटाखालची पाती सांगितली. ऐकणारे खूश झाले. शेवटी जिमखान्याच्या वार्षिक अंकाचे संपादक म्हणाले, "हे सगळं लिहूनच द्या." मी तिथल्या तिथे हो म्हणालो. त्यांना नवल वाटलं, कारण मी बोलणारा माणूस नाही हे सगळ्या सायझिंग खात्याला ठाऊक आहे.

लिहायला बसण्याचं माझं कारण वेगळं आहे. ते यात येईलच.

पत्र

विणाईला जाण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजतात, ते आमच्या खात्याचं काम. मी तिथे जॉबर, म्हणजे मुकादम आहे. आणि गेली वीस वर्षं गिरणीच्या हॉकी संघाचा गोली आहे. आमचं मूळ घर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यामुळे हातात काठी लहानपणापासूनच.

गोलीला पायाला पॅड लागतात. क्रिकेटचे विकतचे पॅड आमच्या मैदानावर दोन मोसमांत फाटायचे. म्हणून मी माझे स्वतः केले. चार पदरी घोंगडं, आत बांबूच्या पट्ट्या, आणि वरून चिंचोक्याची खळ. घोंगड्याला ताठपणा यावा म्हणून आमच्यात खळ देतातच. माझा गिरणीतला हात, मी चौपट दिली. त्या पॅडवर बॉल आपटला की जागच्या जागी मरायचा. "बिराप्पाचं घोंगडं" म्हणून ते सोलापुरात माहीत आहेत. त्यांना पाणी कधी लागलं नव्हतं. आमच्याकडे पाणी पडतंच कुठे?

मार्गशीर्षात मला सिमल्याहून पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं. पाकीट न फोडता मी ते दिवसभर खिशात बाळगलं. संध्याकाळी आमची कारभारीण म्हणाली, "वाचा की आता. का मी वाचू?" तिला वाचता येत नाही. तेव्हा फोडलं.

"बिरू, मी इथे बर्फावर हॉकी खेळतो. पगारी. आमच्या गोलीचं खांद्याचं हाड मोडलं. पुढच्या महिन्यात छावणीच्या संघाशी सामना आहे. आठ हिवाळे झाले, त्यांना एकदाही हरवलं नाही. माझे गुडघे संपले, हा माझा शेवटचा हिवाळा. जगात मला एकच गोली माहीत आहे जो बॉल आला तरी डोळा लववत नाही. ये. भाडं हॉटेल देईल. दस्तगीर."

डोळा लववत नाही.

आता ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी गिरणीच्या मैदानावर पलटणीच्या संघाशी अंतिम सामना झाला. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तिथे असतील. बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या उंच सेंटर फॉरवर्डने काठी उचलली. दस्तगीर आमचा बॅक, तो माझ्या डाव्या हाताला पाच-सहा हात दूर होता. आधीच्या एका फटक्याने माझ्या कानाजवळून हवा गेली होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल जाळीत होता.

विणाई मास्तर संघाचे सेक्रेटरी होते. ते धावत आले. "काय झालं?" मी म्हणालो, "दस्तगीर आडवा आला. बॉल दिसला न्हाय." ते गप्प उभे राहिले. त्यांचं गप्प राहणं मला सोसेना, म्हणून मी पुढचं बोललो, "मुद्दाम आला असंल."

चार दिवस आधी दस्तगीरला पलटणीच्या लोकांबरोबर चहा पिताना गावाने पाहिलं होतं. ते त्याला आपल्याकडे बोलवत होते, तो नाही म्हणाला होता, हे मला एकट्याला माहीत होतं. मास्तरांनी दोन आणि दोन चार केले. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव संघातून गेलं आणि मागावरची नोकरीही गेली. तो माझ्याकडे आला. "बिरू, तू सांग की मास्तरला, मी कुठं आडवा आलो?" मी म्हणालो, "सांगतो."

मी गेलोच नाही. आठवड्याने तो आईला घेऊन सोलापूर सोडून गेला. माझं नाव मात्र झालं, डोळा न लववणारा गोली.

पत्र वाचल्यावर मी घरात म्हणालो, "मी जाणार." त्याला सांगायचं, एवढंच ठरवून निघालो. पण खोटं का बोलू, बर्फ बघायचाही होता. त्रेचाळीस वर्षांचा माणूस मी, रात्री उठून पॅडला पुन्हा एक हात खळ देत होतो.

कालका

मनमाड, दिल्ली वगैरे जाऊ द्या. आगगाडीतला धूर सगळीकडे सारखाच. कालक्याला पहाटे उतरलो तेव्हा हवा अशी होती की श्वास घेतला की नाकात सुई जावी. तिथून डोंगरावर चढायला छोटी गाडी असते. इतकी छोटी की आमच्या गिरणीच्या आवारातल्या मालाच्या वाघिणी तिच्यापुढे थोराड दिसतील.

फाटकावर तिकीटवाल्याने मला अडवलं. माझ्या पाठीवर पॅड बांधलेले होते. त्याने वास घेतला, बोटाने टोचून पाहिलं.

"ये भेड़ है?"

"नहीं साहेब, घोंगडं."

"जानवर का किराया अलग लगेगा."

"अहो मेलेलं हाय ते! म्हंजे, जिवंत नव्हतंच." हिंदी मला गिरणीपुरती येते, पण घाईत आपलीच भाषा तोंडात येते. शेवटी मी पॅड सोडले, पायाला बांधले आणि फलाटावर गोलीसारखा वाकून उभा राहिलो. दोन हमाल, एक भजीवाला आणि एक मेमसाहेब हसू लागले. तिकीटवाला म्हणाला, "जा, जा बाबा."

गाडी वळणं घेत चढू लागली. एका वळणावर तर गाडीचा शेवटचा डबा आमच्या खिडकीसमोर आला, आणि त्यातल्या माणसाने मला हात केला. मीही केला. बोगदे आले की पोरांसारखं मोजावंसं वाटे, आणि मी मोजायचो, आणि बाहेरचं बघताना विसरायचो. आमच्या मुलखात नजर टाकली की क्षितिजापर्यंत जाते, मध्ये फार तर एखादी बाभळ. इथे नजर उभ्या झाडांवर आपटून वर जाते. दुपारी एका वळणावर पलीकडचे डोंगर पांढरे दिसले. मला वाटलं चुनखडी असेल. शेजारचा सरदार म्हणाला, "बर्फ." मी उभाच राहिलो आणि डोकं टपाला आपटलं.

पहिला दिवस

स्टेशनवर दस्तगीर उभा होता. कानटोपी, जाड कोट, लंगडत चालणं. हसला तेव्हा पुढचे दात नव्हते.

"क्या रे बिरू! म्हातारा झालास की!"

"आन् तुझं दात कुठं गेलं?"

"चार दात रिंकनं खाल्लं. रिंक म्हंजे बर्फाचं मैदान. चल, दाखवतो."

बॅगही ठेवली नाही, तसेच गेलो. डोंगराच्या कुशीत, सावलीत, टेनिसच्या मैदानाएवढी दोन-तीन मैदानं एकत्र करावीत असं ते सपाट आवार. आणि त्यावर एक म्हातारा पहाडी माणूस पाण्याचा पाइप घेऊन जमिनीला पाणी पाजत होता. नाव मोतीराम. मी बघतच राहिलो. आमच्याकडे अंगणात तांब्याभर पाणी सांडलं तर घरातलं माणूस ओरडतं. हा तासभर जमिनीवर पाणी ओततोय, आणि ते वाहून जात नाही, मुरत नाही, आहे तिथे बसतं.

दस्तगीर म्हणाला, "रोज संध्याकाळी असंच. एक थर घालायचा, गोठू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की फुगा येतो."

"ही तर खळ पाजणीच की!"

"तेच मी मोतीरामला सांगतो, पर त्याला सायझिंग कुठं ठाऊक?" मग मोतीरामकडे वळून तो हिंदीत म्हणाला, "चाचा, यही वो बिरू है. सारे सोलापूर में ये अकेला आदमी मेरे लिए बोला था."

मोतीरामने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे हात बर्फासारखे होते. मला सोडवून घेता येईना.

रात्रीच्या जेवणाला मी घरून आणलेल्या कडक भाकरी काढल्या, शेंगांची चटणी काढली. दस्तगीर हॉटेलच्या बॉयलरशेजारच्या खोलीत राहतो. भाकरीचा वास घेऊन त्याने ती कपाळाला लावली. मग चावायला गेला, आणि दात नाहीत. आम्ही दोघं इतके हसलो की बॉयलरवाला डोकावला. शेवटी त्याने भाकरी चहात बुडवली. चहात कडक भाकरी! मी सोलापुरात कुणाला सांगितलं असतं तर मारलं असतं. चटणी मात्र बोटाने चाटत राहिला.

"अम्मी असती तर," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत म्हणायची, बिरूनं आपल्यासाठी शब्द टाकला, मास्तरनं ऐकला न्हाय त्याला तो काय करणार."

मी तोंडात भाकरी घातली. तेव्हा सांगायचं होतं. भाकरी चावायला वेळ लागतो.

पगारी खेळाडू

दुसऱ्या दिवशी त्याने मला आपला सगळा धंदा सांगितला. असा धंदा जगात असतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहितो.

हिवाळ्यात सिमला रिकामं होतं. उरलेल्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून त्या हॉटेलच्या मॅनेजरसाहेबाने पगारी संघ पाळला आहे. त्यात दोन कारकून, एक बेकरीवाला, दोन गोरे दुकानदार, एक पोस्टातला, आणि दस्तगीर. आल्यावर पहिल्या हिवाळ्यात दस्तगीरने फक्त पाण्याचे डबे वाहिले. दुसऱ्यात साहेबलोकांच्या बुटांच्या पात्यांना धार लावली. पुढे काही वर्षांनी एकदा संघातला एक जण तापाने पडला, तेव्हा याला उभं केलं. "पहिला सामना मी बुडावर बसूनच खेळलो," तो म्हणाला. "पर बॉल कुठं जाणार ते मला कळत हुतं. ते पायाला कळायला एक हिवाळा लागला."

तेव्हापासून आठ हिवाळे. मोसम दहा आठवड्यांचा, तोही ऊन लवकर आलं तर आठ. बाकीचं वर्ष बॉयलरला कोळसा. मध्ये एकदा त्याचं हॉटेल बंद पडलं तेव्हा स्टिका, बूट आणि खेळाडू असा सगळा संच दुसऱ्याने घेतला. "भांड्याकुंड्यांसकट गेलो मी," तो हसून म्हणाला. बघायला चाळीस-पन्नास माणसं आणि त्यांची कुत्री. वर्तमानपत्रात कधी नाव नाही. मोडलेल्या फासळ्या तीन.

"आन् तरी खेळतोस?"

"तू एकदा बर्फावर उभा रहा, मग विचार."

मी उभा राहिलो आणि पडलो. पात्यांचे बूट घालून मी तीन दिवसांत किती पडलो ते सांगत नाही, मोतीरामला विचारा. बर्फावर पडणं आपल्या पडण्यासारखं नसतं. पडल्यावरही माणूस थांबत नाही, पुढे जातच राहतो. एकदा मी कुंपणापर्यंत बसल्या बसल्या गेलो आणि एका मेमसाहेबाच्या कुत्र्याला भेटलो. पण मध्येच एकदा दहा पावलं नीट गेलो. फक्त दहा. काही आवाज नाही, धक्का नाही, डोंगर आपल्या बाजूने सरकतोय. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. दस्तगीर टाळ्या पिटत होता.

बॉल नसतो. रबराची काळी चकती असते, पक म्हणतात. ती जमिनीलगत येते आणि डोळ्यांनी धरेपर्यंत येऊन गेलेली असते. सरावात दस्तगीरने दहा फटके मारले. मी चार अडवले. उरलेल्या सहांना मी काय केलं ते मला माहीत होतं. त्याला वाटलं, नवखा आहे.

"पाती काढ," तो म्हणाला. "गोलीला पळायचं न्हाय. बुटाला गोणपाट गुंडाळ. आन् तुझं घोंगडं हाय की."

मोतीरामने पॅडला हात लावून पाहिला आणि मान हलवली. "बाबूजी, ये गीला होगा." मी म्हणालो, "आजवर झालं नाही." चिंचोक्याची खळ पाण्यात सुटते हे सायझिंगच्या जॉबरने कुणाकडून ऐकावं? पण बर्फ म्हणजे पाणीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी ती जमीन होती. कडक, कोरडी, आमच्या मैदानासारखी.

सामना

सामना सकाळी, ऊन यायच्या आत. डोंगरामागून उजेड येतो पण सूर्य रिंकवर पोचायला दहा वाजतात. कुंपणाभोवती शंभर माणसं होती, दस्तगीर म्हणाला एवढी कधी नव्हती. छावणीचे गोरे शिपाई लाल बनियनात, वाफा टाकत. त्यांचा कप्तान साडेसहा फूट. मॅनेजरसाहेब हातात घंटा घेऊन उभा.

तीन डाव असतात. पहिल्याच डावात तो कप्तान एकटा सुटून आला. पात्यांचा तो करकर आवाज माझ्या दातात गेला. त्याने काठी उचलली, आणि माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा मागे खट्ट झालेलं होतं.

दस्तगीर माझ्याजवळून सरकत गेला. "जाऊ दे! दिसत न्हाय पयल्यांदा." त्याने मला माफ केलं ते मला फटक्यासारखं लागलं.

दुसऱ्या डावात पोस्टातल्या माणसाने बरोबरी केली. कुंपणाजवळची कुत्रीसुद्धा भुंकू लागली. तिसऱ्या डावात दस्तगीरने मधून चकती काढली, ते संपलेले गुडघे घेऊन दोघांना चुकवलं, आणि बेकरीवाल्याला दिली. गोल! दोन-एक. मी गोलपुढे एकटाच नाचलो आणि पडलो.

एवढ्यात एका शिपायाचा दात पडला. तो बर्फात शोधायला सगळे वाकले. दहा मिनिटं खेळ थांबला. माझे पाय गोणपाटात गारठले होते, म्हणून मी दोन्ही गुडघे टेकून बसलो. अंगात ऊब होती, घोंगड्याखाली थोडं ओलं लागलं. बरं वाटलं.

दात सापडला. घंटा झाली. शेवटची दोन मिनिटं. कप्तान पुन्हा सुटला. मी उठायला गेलो आणि उठता येईना. गुडघ्याखाली कुणीतरी धरल्यासारखं. डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. खळ सुटली होती आणि परत गोठली होती. मी गोलच्या तोंडाशी चिकटलो होतो, खांबासारखा.

तो आला. पाय सोडवायच्या धडपडीत डोळे मिटायचं राहूनच गेलं. मी बघत राहिलो. काठी मागे गेलेली बघितली, चकती सुटलेली बघितली. वाटेत ती किंचित उचलली गेली तेही बघितलं. ती माझ्या डाव्या मांडीवरच्या घोंगड्यात आपटली आणि तिथेच मेली. चिकटलीच.

मग घंटा. सगळे माझ्यावर येऊन पडले. कुणी काखेत हात घातले, "उठाओ उठाओ!" मी काही उठेना. दोघांनी ओढलं, चौघांनी ओढलं. कळल्यावर जे हसले! छावणीचा कप्तान तर कुंपणाला धरून हसत होता. मॅनेजरसाहेब म्हणाला, या गोलीला वसंतापर्यंत इथेच ठेवा. सगळे चहाला गेले. दस्तगीर म्हणाला, "थांब, केटली आणतो," आणि हसत हसत लंगडत गेला.

केटली

तो केटली घेऊन आला. तोटीतून वाफ येत होती. माझ्यापुढे उकिडवा बसला. "बारा वर्षं मी हेच म्हणत हुतो बघ. बिरू डोळा लववत न्हाय."

मी म्हणालो, "आज लवला न्हाय. चिकटलो हुतो म्हणून."

"म्हंजे?"

"दस्तगीर, त्या दिवशी तू आडवा आला नव्हतास."

"ते मला म्हाईत हाय की."

"मास्तरला ते मी सांगितलं. तू आडवा आलास म्हणून. मुद्दाम आला असंल, हेबी मीच म्हणलो. माझं डोळं मिटलं हुतं. भ्यालो हुतो मी."

तो केटलीकडे बघत होता. त्याने ती बर्फावर टेकवली. मग म्हणाला, "आन् मी तुला मास्तरकडं जा म्हणलो, तवा?"

"गेलोच न्हाय."

तो उठला. केटली घेऊन गेला. चहाच्या खोलीकडे नाही, बॉयलरकडे.

मी तिथेच. रिंक रिकामी. मोतीराम दूर झाडू मारत होता, त्याला वाटलं असेल दस्तगीर येतोय. पॅडच्या नाड्या मागे बांधलेल्या, हात पोचत होता. नाड्या सोडल्या असत्या तर पॅड तिथेच राहिले असते आणि मी मोकळा झालो असतो. दोनदा हात मागे नेला. नाही सोडल्या. कुंपणाच्या त्या टोकाला ऊन आलं आणि बर्फावर हळूहळू पुढे सरकायला लागलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. थंडी मांड्यांतून वर चढत होती.

ऊन निम्म्या रिंकवर आलं तेव्हा तो परत आला.

"पाणी गार झालं हुतं," तो म्हणाला. "परत तापवलं." मग माझ्या पाठीमागे बघून, "नाड्या सोडता येत हुत्या की."

"येत हुत्या."

"मग?"

"बसलो."

त्याने डाव्या गुडघ्यावर पाणी ओतलं. वाफ झाली, घोंगड्याचा ओला वास सुटला. पाय सुटला. उजव्यावर ओतायला गेला आणि थांबला.

"त्या दिवशी मैदानावर किती माणसं हुती?"

"हजारभर असतील."

"तेवढ्यांला सांग."

"कसं सांगू? एकेकाला धरून?"

"लिही की. तुमचा जिमखाना छापतो न्हवं कायबाय?"

"छापतो."

"मग लिही. आन् ऐक, बर्फाचं लिही, गाडीचं लिही, कुत्र्याचंबी लिही. माफी-माफी लिहिशील तर कोण वाचंल? बर्फाचं असंल तर सगळे वाचतील."

"लिहितो."

"सांगतो असंबी म्हणला हुतास एकदा."

त्याने माझ्याकडे बघत उरलेलं पाणी उजव्या गुडघ्यावर ओतलं, एकदम नाही, बारीक धारेने, संपेपर्यंत.

निघताना

पुढचे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. जेवायला घेऊन बसायचा, पण त्याने भाकरी मागितली नाही. निघायच्या सकाळी मी रिंकवर गेलो. मोतीराम आणि दस्तगीर गोलच्या तोंडाशी उभे होते. तिथे बर्फात दोन काळे ठिपके होते, माझ्या घोंगड्याची लोकर, गुडघ्याएवढी, आत गोठलेली. मोतीराम खुरपं घेऊन ते खरवडणार होता.

दस्तगीर म्हणाला, "राहू दे चाचा. नव्या गोलीला कळंल कुठं बसायचं." आणि माझ्याकडे न बघता मला विचारलं, "भाकरी उरल्या असतील तर ठेवून जा."

अकरा होत्या. सगळ्या ठेवल्या.

वार्षिक अंकाची एक प्रत मी सिमल्याला धाडणार आहे. तो बर्फाचं वाचेल, गाडीचं वाचेल, आणि मग हे शेवटचं बघेल. त्या दिवशी गिरणीच्या मैदानावर जे हजार लोक होते, त्यांतले काही हा अंक वाचतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांनी सांगावं. दस्तगीर आडवा आला नव्हता. तो आपल्या जागेवर होता, माझ्या डाव्या हाताला, पाच-सहा हात दूर. बॉल स्वच्छ येत होता. मी डोळे मिटले.